सत्तावीस नंबरचा गुलाब

दरवर्षी मार्चच्या चार तारखेला लंडनहून माणसं यायची आणि काट्यांना कविता वाचून दाखवायची. लिटल हॅझलटनच्या लोकांना त्याचं नवल वाटणं केव्हाच बंद झालं होतं. दहा-पंधरा भारदस्त पुरुष, चार-दोन बायका, सगळ्यांच्या गळ्यात गुलाबी टाय नाहीतर गुलाबी रुमाल. स्टेशनपासून मैलभर चिखल तुडवत ही मंडळी चर्चच्या आवारात शिरत आणि टिल्नीसाहेबांच्या थडग्याशी टोप्या काढून उभी राहत. थडग्याच्या उशाशी गुलाबाचं झुडूप. आता मार्चमध्ये सफोक परगण्यातल्या थंडीत कसलं फूल? नुसत्या उघड्या, काटेरी फांद्या. पण त्यांच्यापुढे बुलबुल, बाग, शराब आणि सखीचे गाल असं सगळं अगदी तालासुरात म्हटलं जाई. वाऱ्यानं वाचणाऱ्यांचेच गाल लाल होत. ते आटोपलं की सगळे डॉर्कसबाईंच्या घरी चहाला.

डॉर्कसबाई म्हणजे एमोस गॅरड यांच्या पत्नी. एमोस चर्चची घंटा वाजवत, कबरी खणत, आवारातलं गवत कापत. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. घंटा आणि फावडं दुसऱ्याकडे गेलं, पण चार मार्चचा चहा मात्र बाईंकडेच राहिला. शहाजिरं घातलेला केक, उकडलेल्या हॅमचे काप, घरच्या लोण्यासोबत खुसखुशीत रस्क. लंडनचे लोक कवितेसाठी येतात की केकसाठी, असा वाद गावात अधूनमधून निघे आणि केकचीच बाजू वरचढ ठरे.

हे टिल्नीसाहेब सत्तर वर्षांपूर्वी इथले पाद्री होते. रविवारचं प्रवचन दहा मिनिटांत उरकायचं आणि उरलेला आठवडा फारसी पुस्तकात डोकं घालून बसायचं, असा त्यांचा शिरस्ता. शेकडो वर्षांपूर्वीच्या एका इराणी कवीची कविता त्यांनी इंग्रजीत आणली. त्यांच्या हयातीत चाळीस प्रती खपल्या. त्यातल्या बारा त्यांच्या बहिणीनंच घेतल्या होत्या. एका चार मार्चला ते वारले आणि मग काय झालं कोण जाणे, अख्ख्या इंग्लंडला त्या पुस्तकाचं वेड लागलं. लग्नात आहेर म्हणून तेच, आगगाडीत हातात तेच, साबणाच्या वेष्टनावरही त्यातल्याच ओळी. त्यातून हे टिल्नी मंडळ उभं राहिलं. मंडळातला एकजण इराणला जाऊन आला आणि त्यानं त्या कवीच्या कबरीवरच्या गुलाबाच्या बिया आणल्या. एका मोठ्या बागेनं त्यांची रोपं केली. इंग्लंडच्या थंडीत तगावं म्हणून रानगुलाबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या खोडावर, त्याचा डोळा, म्हणजे सालीसकट कोंब, भरला आणि अठराशे चौऱ्याण्णवच्या शरदात ते कलम इथे आलं. खड्डा खणला एमोसनी, लावलंही त्यांनीच. मंडळानं खूश होऊन पितळेची पट्टी बसवली: ‘कवीच्या कबरीवरून आलेला हा गुलाब एमोस गॅरड यांनी येथे लावला.’

डॉर्कसबाईंचा जीव होता तो त्या पट्टीत. एमोसनी उभ्या आयुष्यात दोनशे-अडीचशे माणसांना जमिनीत पोचवलं, त्यांच्या दगडांभोवतीचं गवत कापलं, पण स्वतःच्या वाट्याला लाकडाचा क्रूस आला. तोही आता खालून कुजत चाललेला. एमोस गॅरड हे नाव टिकेल असं कुठे असेल तर त्या पितळेवर. दर शनिवारी बाई मीठ-व्हिनेगर लावून ती पट्टी लखलखीत करत.

आणि ती पट्टी खोटी आहे हे त्यांना पस्तीस वर्षं ठाऊक होतं.

लग्न होऊन त्या या गावात आल्या तो पहिलाच जून. नव्या नवरीनं कौतुकानं थडग्याकडे जाऊन पाहिलं तर फिकट गुलाबी, पाच पाकळ्यांची साधी फुलं.

“अहो, हा तर आपल्या कुंपणावरचा,” त्या म्हणाल्या होत्या.

एमोसनी कानामागे खाजवलं. “पंच्याण्णवच्या फेब्रुवारीतली थंडी आठवते ना? त्यात कलम जळालं. खालच्या खुंटाला फुटवे आले.”

“मग सांगा की त्या लोकांना.”

“सांगीन.”

आणि ते ‘सांगीन’ तीस वर्षं चाललं. मंडळी येत ती मार्चात. उघड्या फांदीवर कुठे लिहिलेलं असतं कोण कुठला ते? गावात शेंबड्या पोरालासुद्धा माहीत होतं की साहेबाच्या उशाशी रानगुलाब आहे. पण पाहुणे इतके भक्तिभावानं यायचे, इतक्या शब्दांचा पाऊस पाडायचे, की सांगणं सगळ्यांच्याच जिवावर येई.

तर एकोणीसशे एकतीसच्या मे महिन्यात पत्र आलं. डॉर्कसबाईंनी ते दोनदा वाचलं, एप्रनच्या खिशात घातलं आणि शेजारच्या लेटीच्या कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या. लेटी कपडे वाळत घालत होती.

“लेटी, ते जूनमध्ये येतायत.”

“कोण?”

“लंडनचे. वीस जूनला. इराणात त्या कवीची कबर नवी बांधून काढतायत म्हणे. तर मंडळ इथल्या गुलाबाची काडी तिकडे पाठवणार. लेकीला माहेरी पाठवल्यासारखी. इराणच्या वकिलातीतला माणूस घ्यायला येणार. आणि पेटिंगिलसाहेब लिहितात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा फुलं डोळ्यांनी बघायला मिळतील.”

लेटीनं तोंडातला चिमटा काढला. “मिळतील तर. पाच पाकळ्या. एकेक मोजून बघू देत.”

“तुला हसू येतंय.”

“अगं, मग रडू का? इतकी वर्षं कुंपणाला नमस्कार करून गेली माणसं. हे बघ, सोपं आहे. एकोणीस तारखेला जा आणि सगळ्या कळ्या खुडून टाक. म्हणावं शेळी शिरली होती.”

“कुणाची शेळी?”

“माझी म्हण. तिच्या नावावर एवढी पापं आहेत, अजून एक.”

डॉर्कसबाई खरोखरच कात्री घेऊन गेल्या. एकोणीस जूनच्या सकाळी, दव असताना. झुडूप फुलांनी डवरलेलं होतं. त्यांनी दोन कळ्या कापल्या. तिसरीला हात घातला आणि पट्टीवर नजर गेली. इथल्या इथे चार शहरी माणसांची समजूत राखणं वेगळं. पण ही काडी बोटीतून हजारो मैल जाणार. खऱ्या कवीच्या खऱ्या कबरीवर लागणार, तिथले लोक तिला पाणी घालणार आणि त्या सगळ्याच्या खाली एमोसचं नाव. घरातली थाप घरात खपते. परक्याच्या देवघरात नेऊन ठेवली की ती थाप राहत नाही, पाप होतं.

कात्री मिटवून त्या घरी आल्या आणि केक करायला बसल्या. सांगायचं, पण चहा झाल्यावर. पोटात केक गेला की माणूस जरा मऊ होतं, असा त्यांचा अनुभव होता.

वीस तारखेला सगळे नाही आले, तिघेच आले. पुढे पेटिंगिलसाहेब, मंडळाचे अध्यक्ष. पेशानं दाताचे डॉक्टर, अंगानं वाटोळे. टिल्नीसाहेबांची एकशेवीस कडवी त्यांना मुखोद्गत होती आणि दाढ उपटताना ते ती म्हणत असं ऐकिवात होतं. त्यांच्यामागून चार हात अंतर राखून मिस हारबॉटल. उंच, काटकुळ्या, खांद्याला पिशवी. एका विद्यापीठात फारसी शिकवत. त्यांनी दोन वर्षांपूर्वी एक निबंध छापला होता: टिल्नीसाहेबांच्या एकशेवीस कडव्यांपैकी चाळीस मूळ कवितेत नाहीतच, साहेबांनी मनची घातली आहेत. तेव्हापासून पेटिंगिलसाहेब त्यांचं नाव निघालं की खिडकीबाहेर बघत. तिसरा वकिलातीतला तरुण, सोहराब फर्झाने. नीटस कोट, मोठे डोळे, आणि दोघांच्या मध्ये चालून चालून थकलेला चेहरा.

झुडूप दिसलं मात्र, पेटिंगिलसाहेबांचे डोळे भरून आले.

“बघा,” ते म्हणाले. “हा साधेपणा बघा. पाच पाकळ्या, बस्स. आपले माळी शंभर पाकळ्यांचे गोंडे करतात. पूर्वेलाच हे सुचू शकतं.”

मिस हारबॉटलनी वही काढली होती. “मूळ कवितेत हा गुलाब शंभर पाकळ्यांचा आहे,” त्या म्हणाल्या. “तीन ठिकाणी.”

“कवी होता तो, बाई. वाणी नव्हता मोजत बसायला.”

“आणि सुगंधानं बाजार भरून जातो असं आहे. याला जेमतेम वास आहे.”

“तुम्हाला सर्दी असेल.”

सोहराब वाकला. फूल हुंगलं, सरळ झाला आणि अतिशय सभ्यपणे आकाशाकडे बघू लागला. डॉर्कसबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. या मुलाला कळलं, त्या मनात म्हणाल्या. कळलं, पण पाहुण्यानं बोलायचं नाही म्हणून गप्प आहे.

पेटिंगिलसाहेबांनी मखमली डबीतून चांदीची कात्री काढली. घसा साफ केला. “मंडळाचं सगळ्यांत लाडकं कडवं म्हणूनच पहिली काडी कापू या,” ते म्हणाले आणि डोळे मिटून म्हटलं, “‘बाग मालकाची, वास वाटसरूचा...’”

“ते चाळिसातलं आहे,” मिस हारबॉटल हळूच म्हणाल्या.

कात्री फांदीला लागली. चहापर्यंत थांबायचा बेत तिथेच मोडला.

“साहेब, कात्री ठेवा खाली,” डॉर्कसबाई म्हणाल्या. “हा तो गुलाब नाही. रानगुलाब आहे. तुम्ही स्टेशनवरून आलात ना, ते मैलभर याच्याच मधून आलात.”

पेटिंगिलसाहेबांनी मागे वळून रस्त्याच्या कुंपणाकडे पाहिलं. फिकट गुलाबी फुलांनी ते दूरपर्यंत नटलं होतं. त्यांनी कात्रीकडे पाहिलं, मग झुडपाकडे, मग पुन्हा कुंपणाकडे.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“पहिल्याच हिवाळ्यापासून. कलम थंडीनं गेलं, खुंट वाढला. एमोसना माहीत होतं. मलाही होतं. दोष द्यायचा तर मला द्या, ते बिचारे दरवर्षी सांगणार होते.”

“म्हणजे मी एकवीस वर्षं,” पेटिंगिलसाहेब म्हणाले, “पावसात, छत्री न उघडता, कुंपणाला...” मग पट्टीकडे बोट करून ते म्हणाले, “गॅरडबाई, हे पितळ काढावं लागेल. खोटं आहे ते.”

“हो,” डॉर्कसबाई म्हणाल्या. “उद्या काढा. आज चहा तयार आहे.”

मिस हारबॉटलनी वही मिटून पिशवीत टाकली. एवढं बोलायला मिळालं असतं, पण त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. डॉर्कसबाईंना त्या क्षणापासून ती बाई आवडली.

चहा मांडला. केक कापला. पेटिंगिलसाहेबांनी ताटली पुढे ओढली आणि तशीच ठेवली. एकवीस वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं. सोहराबनं हळूच, आपल्याकडे बाईमाणसाला म्हणतात तसं अदबीनं, विचारलं, “खानुम, हात कुठे धुऊ?” आणि बाईंनी त्याला मागचं दार दाखवलं. परसाच्या टोकाला, भाजीच्या वाफ्यापलीकडे, विटांच्या भिंतीला टेकून संडास होता. पाण्याची बादली त्याच्या दाराशी.

तो गेला तो आलाच नाही. किटली गार झाली.

“त्या मुलाला काही बाधलं का?” मिस हारबॉटल म्हणाल्या.

“माझ्याकडचं अजून कुणाला बाधलेलं नाही,” डॉर्कसबाई जरा तोऱ्यात म्हणाल्या, तरी उठून बघायला निघाल्या. तेवढ्यात तो दारात आला. केसांत दोन-तीन पाकळ्या अडकलेल्या, ओंजळीत गडद गुलाबी, गच्च भरलेलं, चुरगळलेल्या तलम रेशमासारखं एक फूल. वास त्याच्याआधी खोलीत शिरला होता.

“खानुम,” तो म्हणाला, “तुमच्या संडासावर माझ्या आजीचं अंगण आहे.”

डॉर्कसबाईंना हसावं की माफी मागावी कळेना. “ते होय? ते आधीपासूनच आहे. मी लग्न होऊन आले तेव्हाही होतं. मला वाटायचं, वास झाकायला लावलंय. एमोस त्याला हात लावू देत नसत. एकदा दाराची कडी अडकते म्हणून मी फांदी छाटली तर दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.”

“आमच्याकडे याचं पाणी काढतात,” सोहराब म्हणाला. “आजी मला उठवायची ती उशीवर ही पाकळी ठेवून. इंग्लंडात येऊन चार वर्षं झाली. गुलाब खूप बघितले, पण हा वास आज पहिल्यांदा आला.”

पेटिंगिलसाहेब उभे राहिले होते. “कुठे आहे?”

मग एक मिरवणूक निघाली. पुढे डॉर्कसबाई, मागे अध्यक्ष, विदुषी, वकिलात, आणि कुंपणावरून लेटीची मान. संडासाच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर ते झाड पार छपरापर्यंत चढलं होतं. गेल्या पस्तीस वर्षांत मंडळाचा प्रत्येक सभासद या दारातून आत जाऊन आला होता. पण सगळे मार्चमध्ये, आणि घाईत.

“खात्री कशी करायची?” पेटिंगिलसाहेब म्हणाले. एकदा पोळलेला माणूस तो.

डॉर्कसबाईंनी गुडघे टेकले, एप्रन सावरला आणि बुंध्यापाशी शेवाळ, पालापाचोळा बाजूला केला. एमोसना त्या ओळखून होत्या. मटाराच्या वेलालासुद्धा खूण बांधल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बोटांना तार लागली. तारेला शिशाचा एक छोटा तुकडा, मातीनं काळा झालेला. थुंकी लावून त्यांनी तो एप्रनला पुसला.

“सत्तावीस,” त्या म्हणाल्या. “याचा काय अर्थ?”

पेटिंगिलसाहेबांनी खिशातून मंडळाची जुनी वही काढली. समारंभात वाचून दाखवायची म्हणून आणली होती. पहिल्याच पानावर, बागेच्या पत्राची नक्कल. त्यांचं बोट ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं. “‘सोबत इराणी गुलाबाचं रोप पाठवत आहोत. आमचा क्रमांक सत्तावीस.’”

मग ते तिथेच, बादली उलटी घालून, बसले.

बाईंच्या डोळ्यांपुढे सगळं आलं. तो फेब्रुवारी, जळालेलं कलम, त्यात कुठेतरी हिरवी राहिलेली एक काडी. गावात सगळ्यांत उबदार माती कुठली, तर दक्षिणेची भिंत आणि हे खत. एमोसनी काडी इथे खोचली, मूळ कलमावरचं शिसं बांधलं, जगवली. आणि जगल्यावर पंचाईत झाली. राजेरजवाड्यांसारखे ते पाहुणे, त्यांना कसं सांगायचं की तुमचा कवी आमच्या संडासावर आहे? लाजेनं गप्प बसले. बायकोलासुद्धा बोलले नाहीत. म्हणे, ‘सांगीन’.

“खुळा माणूस,” त्या म्हणाल्या आणि एप्रननं डोळे पुसले. शिशाची माती गालाला लागली.

“चला, मग याचीच काडी न्या,” पेटिंगिलसाहेब ताडकन उठले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता.

सोहराबनं मान हलवली. “साहेब, हा आमच्याकडे भिंतीभिंतीवर आहे. हा घेऊन उतरलो तर बंदरावरचा शिपाई हसेल. ‘समुद्राला पाणी आणलंस का,’ म्हणेल. मला तो दुसरा द्या. थडग्यावरचा.”

“पण तो रानटी आहे. मूळचा नाहीच.”

“चाळीस कडव्यांसारखा,” मिस हारबॉटल म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. “वरचं कलम इराणचं असेल, पण खुंट इथला होता, साहेब. ती चाळीस खुंटाला फुटली. मी ती खोटी आहेत असं कधीच लिहिलं नव्हतं. इथली आहेत, एवढंच लिहिलं होतं. तुम्ही निबंध शेवटपर्यंत वाचला असतात तर कळलं असतं.”

“मी पहिल्या पानावर थांबलो,” पेटिंगिलसाहेबांनी कबूल केलं.

“ते तुमचं लाडकं कडवं मी मघाशीच लिहून घेतलंय,” सोहराब म्हणाला. “‘बाग मालकाची, वास वाटसरूचा.’ आमच्या कवीचं नाही, पण त्याला आवडलं असतं. मी ते फारसीत करून वडिलांना पाठवणार आहे. ते म्हणतील, हे कुठल्या प्रतीत सापडलं?”

“सांगा, सफोक प्रतीत,” मिस हारबॉटल म्हणाल्या, आणि पेटिंगिलसाहेब असे काही हसले की कुंपणापलीकडे लेटीची शेळी दचकली.

काड्या थडग्यावरच्याच गेल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून. सोबतच्या चिठ्ठीवर मिस हारबॉटलनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: इंग्लंडचा रानगुलाब, टिल्नीसाहेबांच्या कबरीवरून भेट. पेटिंगिलसाहेबांनी जाताना केकचे तीन तुकडे खाल्ले, चौथा रुमालात बांधला आणि दारात थांबले.

“गॅरडबाई, त्या पट्टीवरचा मजकूर बदलायला हवा. काय लिहू?”

“कशाला बदलता? कवीच्या कबरीवरून आलेला गुलाब एमोसनी लावला, हे खरंच आहे की. फक्त ‘येथे’ म्हटलंय, ते जरा सरकवायला हवं.”

“कुठे?”

“ते माझ्यावर सोपवा. पट्टी हलवू नका.”

जुलैत फांद्यांची साल सहज सुटायला लागली, तशी डॉर्कसबाईंनी एमोसची डोळे भरायची सुरी धार लावून आणली. संडासावरच्या गुलाबाचे तीन डोळे काढले आणि थडग्यावरच्या रानगुलाबाच्या खुंटात भरून ताग गुंडाळला. आयुष्यभर त्यांनी हे नुसतं पाहिलं होतं, केलं नव्हतं. लेटी शेजारी उभी राहून सूचना करत होती.

“दोन गेले तरी एक लागेल.”

“तिन्ही लागतील. तू सावली पाडू नकोस.”

दोन लागले.

पुढच्या वर्षी मंडळानं वार्षिक सभा मार्चातून जूनमध्ये आणली. थडग्याच्या उशाशी एकाच झुडपावर पाच पाकळ्यांची आणि गच्च पाकळ्यांची, दोन्ही फुलं होती, आणि खाली पितळ चमकत होतं. मंडळी कविता म्हणून चहाला आली. पण चहाच्या आधी प्रत्येकजण काहीतरी निमित्त काढून परसात जाऊन येत होता, आणि तिथे रांग लागली होती. दारावर पेटिंगिलसाहेबांनी स्वखर्चानं एक नवी छोटी पट्टी ठोकली होती. तिच्यावर नाव नाही, गाव नाही, नुसता आकडा: सत्तावीस.

“आता शनिवारी दोन-दोन पट्ट्या घासत बस,” लेटी म्हणाली.

“घासते,” डॉर्कसबाई म्हणाल्या. “मीठ मात्र तुझ्याकडून नेते.”